रेघ मागे राहिली

उत्पलानं शिबिरात म्हटलेलं गाणं धानाच्या बांधीत पोचायला आठवडासुद्धा लागला नाही.

तसं ती काही गाणं रचणाऱ्यांतली नव्हे. तालुक्याच्या रुग्णालयातली लॅब टेक्निशियन, उत्पला गेडाम. दिवसभर नळ्या, सुया आणि थंड डबे यांच्यात हात. पण लहानपणी आजीचा पदर धरून रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, गेलेली, चिखलात वाकलेल्या बायांच्या गळ्यांतून गाणी ऐकत वाढलेली. चार ओळी जुळवायला तिला फार वेळ लागत नसे. नव्या औषधाची माहिती लोकांना कशी द्यावी, याचं पत्रक नागपूरच्या संस्थेकडून आलं होतं, चांगलं सोळा पानांचं. तिसऱ्या पानावर खैरटोला या गावच्या बाया जांभया देऊ लागल्या. तेव्हा तिनं पत्रक मिटलं, पदर खोचला आणि म्हटलं,

*निळ्या दिव्याच्या उजेडी धागा चालला पाण्यात, वं माय, चालला पाण्यात*
*पाचर बसली अंगाले, पाय रुतले गाऱ्यात, वं माय, रुतले गाऱ्यात*
*रेघ मागे राहिली, पोरगी पुढे गेली, वं माय, पुढे गेली*
*नापासाच्या गावाले तिनं पाठ दावली, वं माय, पाठ दावली*

बाया हसल्या. त्यांच्यातल्या भोजराजच्या मायनं लगेच दुसऱ्यांदा उचललं. तिचा गळा असा, की पलीकडच्या टोल्यावरच्या वस्तीतली माणसं थांबून ऐकत. पुढच्या आठवड्यात रोवणा सुरू झाला आणि गुडघाभर पाण्यात वाकून बाया तेच गाणं म्हणू लागल्या. उत्पलाला त्या वेळी केवढं बरं वाटलं होतं!

गाण्यातली गोष्ट खोटी नव्हती. खैरटोल्यात दर चार घरांमागे एका घरात लाल कार्ड होतं, सिकलसेलचं. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांत अडकतात, आणि मग हाडं आतून कुणी मोगरीनं कुटावीत तशी दुखतात. हा दोष जन्मभराचा. पण आईच्या पोटात असताना बाळाचं रक्त वेगळ्या घडणीचं असतं आणि ते वाकत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत शरीर त्या रक्ताचं दार लावून घेतं. नवं औषध म्हणजे एक इवलासा रेणू होता. पेशीतल्या डीएनएच्या धाग्यावर, हे दार लावण्याचा हुकूम जिथे लिहिलेला असतो नेमका तिथे, तो पाचरीसारखा जाऊन बसे. मग हुकूम वाचलाच जात नसे, दार उघडं राही आणि मोठ्या माणसाच्या अंगातही बाळाचं रक्त पुन्हा वाहू लागे. कागदावर औषधाला लांबलचक नाव होतं, गावानं त्याला पाचरगोळी म्हटलं.

अडचण एकच होती. दर आठ-नऊ माणसांत एकाच्या धाग्यावर तसाच दिसणारा आणखी एक मजकूर असतो, भलत्या ठिकाणी. हाडांतला मगज नवं रक्त तयार करतो, त्याच्या कामाचा तो मजकूर. पाचर तिथेही बसली, तर वर्ष-दीड वर्षात मगज सुकत जातो. म्हणून गोळी देण्याआधी प्रत्येकाची परीक्षा. रक्तातून धागा काढायचा, त्याचे हवे ते तुकडे वेगळे करायचे, त्यात औषध मिसळायचं आणि ते जेलच्या पातळ थरात सोडायचे. जेल म्हणजे समुद्री शेवाळाची गोठवलेली खळ, थंड झालेल्या पेजेवरच्या सायीसारखी. तिच्या दोन टोकांना वीज लावली, की ऋण भाराचा धागा धन टोकाकडे चालू लागतो. औषधाचा रेणू धन भाराचा. तो ज्या तुकड्यावर बसला त्याची ओढ कमी होते, अंगही वाकतं आणि तो मागे रेंगाळतो. निळ्या दिव्याखाली बघितलं, की त्याची रेघ इतरांपेक्षा मागे दिसते. एकच रेघ मागे राहिली, तर औषध योग्य जागी बसलं. दोन राहिल्या, तर त्या माणसाला गोळी नाही.

बायांना सांगताना उत्पलानं याला पास आणि नापास म्हटलं होतं.

तिची स्वतःची भाची त्याच परीक्षेत पास झाली होती. थोरल्या बहिणीची, विशाखाची मुलगी, श्रावस्ती. वीस वर्षांची. नातेवाइकांचा नमुना टेक्निशियननं स्वतः घ्यायचा नाही असा नियम, म्हणून तो गावच्या आशाताई नलूबाईंनी घरी जाऊन घेतला होता. श्रावस्ती त्या दिवशी अंथरुणावर पडून कण्हत होती. नमुना आला, जेल चालली, एक रेघ मागे राहिली. उत्पला लॅबमध्ये एकटीच होती. खुर्ची मागे ढकलून तिनं टाळी वाजवली आणि मग कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून दाराकडे पाहिलं.

त्याला आता सात महिने होत आले होते.

फेब्रुवारीत सहामाही तुलना पाठवायची होती. गोळीनं बाळाचं रक्त किती वाढलं ते दाखवायला प्रत्येकाचे दोन नमुने जेलवर शेजारी-शेजारी चालवायचे. एक आषाढात घेतलेला, गोठवून ठेवलेला. दुसरा आत्ताचा. हे जेल धाग्याचं नव्हे, रक्तातल्या हिमोग्लोबिनचं. जुनी, साधी, शंभरदा केलेली चाचणी. त्यात निरोगी रक्ताची रेघ सगळ्यांत पुढे धावते, विळ्याच्या रक्ताची मागे राहते आणि बाळाच्या रक्ताची मध्ये. लाल कार्डवाल्याच्या जुन्या नमुन्यात ठसठशीत अशी मागचीच रेघ हवी. गोळीनंतर तिच्या पुढे मधली उमटायला हवी. त्रेचाळीस माणसांत ती तशीच उमटत होती आणि उत्पला एकेकाच्या नावापुढे खूण करत चालली होती.

चव्वेचाळिसावं, शेवटचं नाव श्रावस्तीचं.

आत्ताच्या नमुन्यात मागची रेघ होती, मधली होती. छानच. पण जुन्या नमुन्यात दोन रेघा होत्या. मागची एक, आणि एक सगळ्यांत पुढे. निरोगी रक्ताची.

तिला आधी वाटलं, नळी चुकली. तिनं नळीवरचं नाव वाचलं. पुन्हा चालवलं. पुन्हा दोन रेघा. जी रेघ आषाढात होती ती माघात कुठे गेली? जगातली कोणती गोळी माणसाचं निरोगी रक्त गायब करते? कोणतीच नाही. ही नळी श्रावस्तीची नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. आणि दोन रेघांचं रक्त कोणाचं असतं, ते उत्पलाला चांगलं ठाऊक होतं. आजार अंगात नाही पण वाहतात, अशा पिवळ्या कार्डवाल्यांचं. तिचं स्वतःचं होतं. आणि विशाखाचं.

ती स्टुलावर बसली. मशीन गुरगुरत होतं. मग उठून तिनं थंड डबा, सुया आणि नळ्या पिशवीत भरल्या आणि दुपारच्या बसनं खैरटोल्याला गेली.

विशाखा अंगणात लाखोरीच्या शेंगा झोडपत बसली होती. बहिणीला बघून तिचं तोंड फुललं.

"आली का बाई! सांगून नाई, सवरून नाई. बस, चहा टाकतो."

"चहा राहू दे, ताई. आषाढात नलूबाई आल्या होत्या, तवा रक्त कोनाचं देलं?"

काठी थांबली. "कोनाचं मनजे? श्रावस्तीचं."

"श्रावस्तीच्या नळीत दोन रेघा निघाल्या. दोन रेघा तुह्या आहेत. माह्या आहेत. तिच्या नाईत."

विशाखानं शेंगांकडे बघितलं. वाऱ्यानं उडालेला भुसा तिच्या केसांवर बसत होता.

"नस सापडे ना तिची," ती म्हणाली. "नलूबाईनं चार जागी टोचलं. पोरगी तडफडत होती. मी म्हटलं, घे माह्या हातातून. नऊ महिने माह्याच रक्तावर त पोसली थे. नाळ का दुसऱ्याची होती? नलूबाई बी म्हने, हाव, माय-लेकीचं एकच."

"पोसायले एकच असते, ताई. वाचायले येगळं. अर्धं तिच्या बापाचं आहे ना!"

"आता मले काय मालूम तुह्या शाळेतलं!"

उत्पला तिच्यासमोर उकिडवी बसली. "नस सापडली नाई, एवढंच होतं?"

 विशाखा एकदम काठी बाजूला टाकून म्हणाली, "तूच त गानं म्हटलं होतं व. नापासाचं गाव. त्या गावाले जाऊन आली ना मी. माह्या पहिल्या लेकीले, मैत्रीले पोचवून आली तिथं, अकरा वर्षांची. दुसरी बी नापास झाली असती, त कुठी गेली असती मी? मले वाटलं, आपलं रक्त धड आहे. आपन पास होऊ, मंग गोळी तिले देऊ. बरी झाली का नाई थे? मंग? चालू दे ना तसंच. कोनाले दिसून रायलं?"

 पत्रकाची सोळा पानं तिनं ज्या दिवशी मिटली होती तो दिवस तिच्या डोळ्यांपुढे आला. परीक्षा म्हटल्यावर आई आपल्या लेकरासाठी काय करणार नाही?

तेवढ्यात फाटकाशी पावलं वाजली. श्रावस्ती धावतच आत आली. ट्रॅक पँट, केसांची घट्ट वेणी, घामानं चेहरा चकाकत होता. सात महिन्यांपूर्वी हिला भिंत धरून न्हाणीपर्यंत जावं लागत होतं. आता ती गावातल्या पाच मुलींबरोबर पोलीस भरतीच्या तयारीला जाई.

"मावशी! पिशवीत काय आहे, जिलबी का सुई?"

"सुईच."

"तुह्याकडून दुसरी आशाच नाई." ती धपकन ओट्यावर बसली. "आज आठशे मीटर तीन मिनिटं सहा सेकंद. त्या प्रांजलीले मागे टाकलं. थे म्हने, तुह्या गोळीची आम्हाले बी अर्धी दे."

तिनं पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि लोटा घेऊन पायांवर पाणी ओतू लागली. उत्पलाची नजर तिच्या नडग्यांवर गेली. जांभळसर डाग. एक, दोन, मग गुडघ्यामागे आणखी एक.

"पडली होती का कुठे?"

"नाई. आपोआपच येते अशातनी. धावून धावून होत असंन."

विशाखानं बहिणीकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते उत्पलाला वाचता येत होतं. नको सांगू, असं ते होतं. पण आपोआप येणारे डाग काय असू शकतात हेही उत्पलाला वाचता येत होतं, आणि ते वाचायची विद्या त्या अंगणात तिच्या एकटीपाशीच होती.

तिनं सांगितलं. सगळं, सरळ, गाण्याशिवाय. श्रावस्ती आधी हसली.

"आई, तू माह्या जाग्यावर पेपराले बसली? शाळेत त माह्या प्रगतिपुस्तकावर सही करायलेबी भेत होती!"

कुणीच हसलं नाही, तेव्हा ती थांबली. लोट्यातलं उरलेलं पाणी तिनं हळूच जमिनीवर ओतलं.

"नापास झाली त गोळी बंद?"

"हाव."

"आनि चालू ठेवली त?"

"रक्त बनायचंच बंद होईन. वर्षभरात. कदाचित आधीच."

"भरती एप्रिलात आहे, मावशी." तिनं बोटांवर मोजलं, जसं काही बोटांच्या पेरांत जागा निघेल. "सात महिने मले दुखलं नाई. तुले मालूम आहे, मी पहिल्यांदा पालथी झोपली. आयुष्यात पहिल्यांदा."

"मालूम आहे."

मग तिनंच बाही वर सारून हात पुढे केला. सात महिन्यांपूर्वी चार ठिकाणी टोचून न सापडलेली नस आता दोरीसारखी वर आली होती. उत्पलानं नलूबाईंना बोलावून घेतलं, त्यांच्या हातून, सगळ्यांसमोर नमुना काढवला.  विशाखा आत निघून गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला, उगाचच.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धागा जेलवर चढला. उत्पलानं वीज सुरू केली. निळ्या रंगाचा थेंब सायीसारख्या थरातून मुंगीच्या चालीनं सरकू लागला. पन्नास मिनिटं लागतात. ती खिडकीशी उभी राहिली. बाहेर आवारात कडुनिंबाखाली बाळंतिणींचे नातेवाईक डबे सोडून जेवत होते. एका म्हाताऱ्यानं कुणाला तरी हाक मारली, "चटनी आन गा!"

निळ्या दिव्याखाली तिनं जेल ठेवली. एक रेघ मागे राहिली होती. आणि तिच्याही मागे आणखी एक.

ती दुसरी रेघ बारीक होती. बघायचंच नाही असं ठरवलं तर न दिसण्याइतकी बारीक.

आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या, आणि त्यांतली एक फार सोपी होती. श्रावस्तीची गोळी तेवढी बंद करायची. त्रास होतोय असं लिहायचं, झालं. बहिणीवर बालंट नाही, नलूबाईंची नोकरी शाबूत, बाकी त्रेचाळीस जणांची गोळी चालू. खरं कळवलं, तर संस्था सगळ्यांचंच औषध थांबवणार, प्रत्येकाचं रक्त नव्यानं तपासणार. त्यात महिने जातील. त्या त्रेचाळिसांत कोण कोण होतं ते तिला चेहऱ्यांनिशी माहीत होतं. त्यांची हाडं तिला माहीत होती. भोजराज होता, चोवीस वर्षांचा. राईस मिलवर कामाला लागला होता, मायला पोतं उचलून दाखवायचा.

तुलनेत त्यांच्या रेघा बरोबर होत्या. पण त्या तपासणीनं कळतं ते एवढंच, की नळीतलं रक्त लाल कार्डवाल्याचं होतं. ते त्याच लाल कार्डवाल्याचं होतं का, हे कुठे कळतं? एका घरात दोन लाल कार्डं असतात. भाऊ भावासाठी बसला असेल. बहीण बहिणीसाठी. गाणं सगळ्यांनीच ऐकलं होतं.

तिनं नागपूरला फोन लावला.

डॉ. सोनटक्के शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गेडाम मॅडम, तुम्हाला कल्पना आहे ना, मला सगळ्यांचंच थांबवावं लागेल?"

"आहे, सर."

"आणि यात तुमच्यावरही ठपका येईल. रेघ बघताना नमुना कुणाचा, ते तुम्ही पडताळलं नाही."

"माझं गाणंही लिहा त्यात," ती म्हणाली.

त्यांना ते कळलं नाही. त्यांनी "काय?" असं विचारलं, पण तोवर तिनं फोन ठेवला होता.

औषध नऊ आठवडे थांबलं. फेरतपासणीत चौघांची नळी दुसऱ्याची निघाली. दोन भावांची, एका मावसबहिणीची, एका चुलत्याची. त्या चौघांतल्या तिघांच्या रेघा दोन होत्या. म्हणजे श्रावस्ती धरून चार माणसं गुपचूप सुकत चालली होती, ती वाचली. अहवालात हे पहिल्या पानावर आलं. भोजराज तिसऱ्या पानावर होता. त्याचं रक्त त्याचंच होतं, रेघ एकच होती, पाचर योग्य जागी बसलेली. गोळी थांबल्यावर सहाव्या आठवड्यात त्याच्या छातीत दुखणं भरलं आणि दोन दिवसांत तो गेला. फेरतपासणीच्या यादीत त्याचं नाव वरून एकोणचाळिसावं होतं, तोवर पाळी आली नव्हती.

उत्पला मातीला गेली.  भोजराजच्या मायनं फक्त एकदा तिच्याकडे बघितलं, आणि तो गळा, ज्यानं गाणं उचललं होतं, त्यातून आवाजच निघत नव्हता. नुसती हवा.

बोलली ती विशाखा, सगळ्या बायांच्या देखत. "माह्या लेकीचं खरं-खोटं करायले गेली आनि दुसरीच्या लेकराचा जीव घेऊन आली. आता तरी पास झाली ना तू?"

त्यानंतर दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं. जयभीम नाही की हाक नाही. नलूबाईंचं काम गेलं. उत्पलाच्या नोंदवहीत ठपका लागला. तो तिनं सही करून घेतला.

एप्रिलात भरती झाली. श्रावस्ती गेली नाही. त्या आठवड्यात तिची दुखणी परत आली होती. नडग्यांवरचे डाग मात्र मावळत गेले. उत्पला बसनं जाई, विशाखा आतल्या खोलीत निघून जाई, आणि मावशी-भाची ओट्यावर बसून बोलत.

"राग येते का माह्या?" एकदा उत्पलानं विचारलं.

"येते ना. दुखते तवा लय येते." श्रावस्तीनं उशी पोटाशी धरली. "मंग कमी होते तवा वाटते, सात महिने धावून त घेतलं. प्रांजली आता कॉन्स्टेबल झाली. थे मले सल्यूट मारून गेली काल, येडी." ती हसली आणि लगेच कमरेवर हात दाबला. "आईचा बी येते. पन तिचा येते तवा रडूच येते. तिनं मले विचारलंच नाई, मावशी. माह्या दुखन्याचं तिनं मलेच नाई विचारलं. आनि तूबी आधी तिलेच विचारायले आली होती."

ते खरं होतं. 

जूनअखेर संस्थेनं कळवलं की पाचर नव्यानं तासली आहे. रेणूचा एक कोपरा बदलला होता, त्यामुळे भलत्या जागी तो बसू नये असा अंदाज. अंदाजच. ज्यांच्या दोन रेघा होत्या त्यांनी हवं तर पुन्हा रक्त द्यावं. नवा नियम असा की नमुना समोरासमोर काढायचा, देणाऱ्यानं आपलं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि साक्षीला एक परका माणूस असायचा. नस मिळत नसेल तर टेक्निशियन नातेवाईक असली तरी चालेल, साक्षीदार हवा.

शिबिर खैरटोल्याच्या विहारात ठेवलं. रोवणा पुन्हा सुरू झाला होता. उत्पला बांधांवरून चालत आली तेव्हा बाया पाण्यात वाकल्या होत्या, रोपांच्या जुड्या सुटत होत्या, हात चालत होते. कुणी गात नव्हतं. पाण्याचा तेवढा आवाज.

श्रावस्तीला बाजेवर घालून आणलं होतं. काल रात्रीपासून तिचे दोन्ही खांदे आणि मांड्या धरल्या होत्या. ओठ दातांखाली दाबून ती पडली होती. नव्या आशाताईंनी उजवा हात धरला, टोचलं. काही नाही. डावा. काही नाही. दुखण्यानं आणि तहानेनं शिरा अंगात आत दडून बसल्या होत्या, अगदी मागच्या आषाढासारख्या. साक्षीला आलेले शाळेतले शिंगाडे गुरुजी खुर्चीत अवघडून बसले होते. श्रावस्तीच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं.

"पुढच्या खेपेला घेऊ का?" आशाताई हळूच म्हणाल्या.

"पुढची खेप दिवाळीनंतर आहे," उत्पला म्हणाली. तिनं हातमोजे चढवले आणि भाचीच्या मनगटावर बोट फिरवलं. गार पडलेली कातडी, खाली काहीच लागत नव्हतं.

दारात विशाखा उभी होती. शेतातून तशीच आलेली, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातांत ओल. तिनं आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांच्या नजरा नकळत तिच्या हातांकडे गेल्या. धडधाकट, शिरा फुगलेले, राबणारे हात. ती बाजेपाशी आली. क्षणभर आपल्याच कोपराच्या खळीकडे बघत राहिली.

मग तिनं पदरानं हात पुसले, खसाखसा, लाल होईतो. खाली बसली. लेकीचा पंजा दोन्ही तळहातांत धरला आणि चोळू लागली. बोटं, बोटांची पेरं, मनगट. तोंडाजवळ नेऊन त्यावर श्वास सोडू लागली, चुलीत फुंकर घालावी तसा, न थांबता. पदरानं झाकी, पुन्हा उघडी, पुन्हा श्वास. गुरुजींनी घड्याळ बघितलं. बाहेर बांधीतला बायांचा घोळका उठून विहाराच्या पायऱ्यांपर्यंत आला होता. त्यात भोजराजची मायही होती, मागे, खांबाला टेकून.

किती वेळ गेला कोण जाणे. श्रावस्तीनं डोळे उघडले. आईकडे बघितलं.

"नाव सांगा," गुरुजी म्हणाले, नियमाप्रमाणे.

"श्रावस्ती," ती म्हणाली. आवाज चिरकला, तिनं पुन्हा सांगितलं. "श्रावस्ती विशाखा खोब्रागडे. रक्त माहं आहे."

तिच्या पंज्याच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या मुळाशी, एक निळी रेघ हळूहळू वर येत होती. अगदी बारीक.

विशाखानं पदर बाजूला केला. लेकीचा हात तिनं सोडला नाही, तसाच बहिणीपुढे धरला. चार महिन्यांत पहिल्यांदा तिनं उत्पलाच्या डोळ्यांत बघितलं.

"टोच आता," ती म्हणाली.